गवत-क्लोव्हर मिश्र चारा: नत्र कधी द्यायचे, किती द्यायचे आणि कधी अजिबात नाही

मिश्र चाऱ्याचे शेत बहुतेक वेळा एकाच पद्धतीने बिघडते. पहिल्या हंगामात गवत आणि क्लोव्हर, म्हणजे मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नत्र (नायट्रोजन) घेणारे द्विदल चारापीक, दोन्ही छान उगवतात. मग गवताचा रंग जरा फिका वाटतो म्हणून युरिया पडतो. गवत उसळी घेते, म्हणून पुढच्या कापणीनंतर पुन्हा युरिया पडतो. दोन हंगामांत क्लोव्हर शोधावा लागतो. हवेतला नत्र जमिनीत आणणारे पीकच उरलेले नसते, त्यामुळे आता युरियाशिवाय गवत हलत नाही. शेवटी दोष बियाण्याला दिला जातो.

खरे कारण दुहेरी आहे. नत्राने गवत क्लोव्हरपेक्षा वेगाने उंच होते आणि त्याच्यावर सावली धरते. शिवाय जमिनीत तयार नत्र मुबलक असला की क्लोव्हरच्या मुळांवर गाठी कमी धरतात आणि असलेल्या गाठी मंदावतात. चांगला समतोल असलेले मिश्र शेत वर्षाला हेक्टरी १०० ते २०० किलो नत्र हवेतून घेऊ शकते. १५० किलो धरले तरी ते सुमारे ३२५ किलो युरियाइतके होते. हे गमावून पिशवीतला नत्र टाकणे हा तोट्याचा सौदा आहे.

म्हणून नत्राचा निर्णय तारखेवर किंवा गवताच्या रंगावर घ्यायचा नाही. तो शेतातल्या क्लोव्हरच्या वाट्यावर घ्यायचा. पुढचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटला की नंतर खत कितीही मोजून टाकले तरी उपयोग होत नाही.

## १. चारा कशासाठी हे आधी ठरवा, मग बी निवडा

चराईसाठी पांढरा क्लोव्हर आणि बारमाही रायगवत ही जोडी घ्या. पांढऱ्या क्लोव्हरची खोडे जमिनीलगत सरपटत जातात आणि जागोजागी मुळे धरतात, म्हणून तो तुडवणे आणि वारंवार खुडणे सहन करतो. मेंढ्या खूप खालपर्यंत चरतात, त्यांच्यासाठी लहान पानांचे वाण बरे. गाई-म्हशींसाठी किंवा अधूनमधून कापायचे असेल तर मध्यम ते मोठ्या पानांचे वाण घ्या.

कापून खाऊ घालायचे असेल किंवा मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) करायचा असेल तर लाल क्लोव्हर घ्या. तो उभा वाढतो, सोटमूळ खोल जाते, पण साधारण दोन-तीन वर्षांतच विरळ होतो. एकाच थंड हंगामापुरता चारा हवा असेल तर बरसीम आणि त्याच्यासोबत ओट किंवा इटालियन रायगवत.

हेक्टरी बियाण्याचे साधारण प्रमाण असे ठेवा:

- पांढरा क्लोव्हर ३ ते ४ किलो, बारमाही रायगवत १८ ते २२ किलो
- लाल क्लोव्हर ६ ते ८ किलो, रायगवत १४ ते १८ किलो
- बरसीम २० किलोच्या आसपास; सोबत ओट घेतल्यास एकट्या ओटसाठी लागणाऱ्या बियाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको

नेहमीची चूक: "उगवण कमी झाली तर?" या भीतीने गवताचे बी वाढवणे. रायगवत आधी उगवते आणि लगेच फुटवे धरते. त्याचे बी वाढवणे म्हणजे क्लोव्हरवर पहिल्याच आठवड्यात सावली धरणे. भीती वाटत असेल तर चांगल्या उगवणक्षमतेच्या बियाण्यावर खर्च करा.

## २. पेरणीच्या तीन ते सहा महिने आधी: जमीन

माती परीक्षण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. गवत बऱ्याच आम्ल जमिनीतही तग धरते, क्लोव्हर धरत नाही. सामू (pH) ६ ते ६.५ असावा. ५.५ च्या खाली गेला की क्लोव्हरच्या गाठींमध्ये नत्र स्थिर करणारे रायझोबियम जिवाणू जगणे अवघड होते आणि नत्र स्थिरीकरणाला लागणारे मॉलिब्डेनमही पिकाला नीट मिळत नाही. चुना सावकाश काम करतो, म्हणून तो पेरणीच्या आदल्या आठवड्यात टाकून भागत नाही. काही महिने आधी टाकून मातीत मिसळायला हवा. सामू आधीच ७ च्या वर असेल तर चुना टाकू नका.

स्फुरद (फॉस्फेट) आणि पालाश (पोटॅश) यांच्याबाबतीत गवत दांडगे आहे. त्याची तंतुमुळे दाट असतात आणि जमिनीतला पालाश ती आधी ओढून घेतात. कमतरता आली की उपाशी राहतो तो क्लोव्हर. त्यामुळे परीक्षणात जे कमी दिसेल ते पेरणीपूर्वीच भरून काढा. हलक्या, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत गंधकही पाहून घ्या. नत्र मात्र या टप्प्यावर नको.

हरळी, लव्हाळा, डॉकसारखी बहुवर्षायू तणे याच काळात काढा. क्लोव्हर उगवल्यावर रुंद पानांच्या तणांवर फवारणीचे पर्याय फार थोडे उरतात. २,४-डी हे तणनाशक मारले तर क्लोव्हरही जातो.

सावधान: आधीच्या पिकात अॅट्राझिनसारखे जमिनीत रेंगाळणारे तणनाशक वापरले असेल तर लेबलवरचा प्रतीक्षाकाळ पाहा. शंका असेल तर त्या शेतातली माती कुंडीत भरून थोडे क्लोव्हर आणि गवताचे बी टाका. रोपे पिवळी पडून मरत असतील तर पेरणी पुढे ढकला.

## ३. बियाण्याची तयारी

क्लोव्हरच्या बियाण्यातून येणारा सगळ्यात वाईट पाहुणा म्हणजे अमरवेल, पिकावरच जगणारी परजीवी वेल. तिचे बी जवळजवळ क्लोव्हरएवढेच असते आणि एकदा शेतात शिरली की कापणीगणिक पसरते. प्रमाणित, अमरवेलमुक्त लिहिलेले बीच घ्या. बरसीममध्ये कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. ते काढण्यासाठी १ लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता, ढवळा आणि वर तरंगणारे बी काढून टाका. खाली बसलेले बी साध्या पाण्याने दोन-तीनदा नीट धुवा. मिठाचा अंश राहिला तर पुढे लावायचे जिवाणू मरतील.

आता जिवाणू संवर्धक. त्या जमिनीत पूर्वी क्लोव्हर घेतला नसेल तर ही पायरी गाळू नका. पाकिटावर क्लोव्हर किंवा बरसीम असे स्पष्ट लिहिलेले हवे. लसूणघासाचे जिवाणू वेगळे, हरभरा-सोयाबीनचे वेगळे. त्यांनी क्लोव्हरच्या मुळांवर कामाच्या गाठी येत नाहीत. "रायझोबियम म्हणजे रायझोबियम" समजून कोणतेही पाकीट उचलणे ही फार प्रचलित चूक आहे. मुदत पाहा आणि पाकीट उन्हात ठेवू नका.

गुळाच्या किंवा साखरेच्या थंड पाण्यात संवर्धक कालवून बियाण्याला पातळ थर बसेल इतपत चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचेच असेल तर आधी ते, नंतर जिवाणू, आणि दोन्ही एकत्र चालतात हे लेबलवर पाहूनच. जिवाणू लावलेले बी रासायनिक खतात मिसळून पेरू नका.

## ४. वाफा आणि पेरणी

क्लोव्हरचे बी अतिशय बारीक असते. १ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर बरेचसे बी वर येतच नाही. त्यामुळे वरचा थर बारीक आणि खालचा घट्ट हवा. नांगरट, कुळवाच्या पाळ्या, ढेकळे फोडणे, मग फळी किंवा रूळ, हा क्रम. बी टाकायच्या आधी एकदा रूळ फिरवा आणि बी टाकल्यावर पुन्हा एकदा.

पडताळा: तयार वाफ्यावरून चाला. टाचेचा ठसा साधारण १ सेंटिमीटरच खोल उमटायला हवा. पाऊल रुतत असेल तर रूळ फिरवायचा राहिला आहे, आणि बी खोलात हरवणार.

गवत आणि क्लोव्हरचे बी एकत्र पिशवीत किंवा पेटीत भरले की हादऱ्यांनी क्लोव्हर खाली बसतो. मग शेताच्या एका बाजूला क्लोव्हरची गादी आणि दुसऱ्या बाजूला नुसते गवत उगवते. सोपा उपाय असा की दोन्ही वेगळे पेरा. आधी गवत उथळ ओळींत, मग क्लोव्हर कोरड्या वाळूत मिसळून वरून फोका. अर्धे बी उभे आणि अर्धे आडवे फोकले की पट्टे राहत नाहीत.

जमिनीला वाफसा असावा. पेरणीनंतर हलके पाणी द्या. जोराच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते. बरसीम वाफ्यात पाणी भरून त्यावर फोकण्याची रीतही चालते. तिथे रूळ लागत नाही, पण वाफा सपाट हवा.

## ५. पहिले दोन-अडीच महिने

याच काळात सगळ्यात जास्त घाई होते. रोप लहान असताना क्लोव्हरच्या गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. फारच हलकी, निकस जमीन असेल तर पेरणीवेळी हेक्टरी २० ते २५ किलो नत्र पुरे. मध्यम ते भारी, शेणखत दिलेल्या जमिनीत तेही नको.

पहिली चराई किंवा कापणी लांबवू नका. गवत उंच दिसते म्हणून मोह होतो, पण त्याच्या सावलीत क्लोव्हरची रोपे मरत असतात. चराईच्या शेतात गवत ८ ते १० सेंटिमीटर झाले आणि चिमटीत धरून ओढल्यावर मुळासकट न उपटता तुटले, की हलकी जनावरे थोडा वेळ सोडा. जमीन ओली असेल तर थांबा. लाल क्लोव्हर कापणीसाठी असेल तर त्याला थोडे अधिक वाढू द्या. बरसीमची पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी, पुढच्या २५ ते ३० दिवसांनी.

पडताळा: पेरणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी चार-पाच ठिकाणी क्लोव्हरची रोपे खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात हलवून धुवा आणि गाठ नखाने कापा. आत गुलाबी किंवा तांबूस रंग असेल तर नत्र स्थिरीकरण चालू आहे. आतून पांढरी, हिरवट किंवा करडी असेल तर ती कामाची नाही. गाठीच नसतील तर सामू, जिवाणूंचे पाकीट आणि आधी दिलेला नत्र या तिन्हींकडे वळा.

पहिल्या वर्षी गवत थोडे फिके दिसणे अपेक्षित आहे. क्लोव्हरने घेतलेला नत्र गवताला लगेच मिळत नाही. जुनी मुळे आणि गाठी कुजून, तसेच चरणाऱ्या जनावरांच्या शेण-मूत्रातून तो जमिनीत येतो. याला महिने लागतात. याच काळात धीर सुटून पहिला युरिया पडतो.

## ६. क्लोव्हरचा वाटा मोजा

नत्राचा निर्णय इथून सुरू होतो, म्हणून ही पायरी अंदाजावर सोडू नका. क्लोव्हरची पाने आडवी पसरतात आणि गवताची उभी राहतात. वरून पाहिले की क्लोव्हर आहे त्यापेक्षा बराच जास्त वाटतो. निम्मे शेत क्लोव्हरने झाकलेले दिसत असताना वजनात तो जेमतेम ३० टक्के असू शकतो. ताज्या वजनानेही फसवणूक होते, कारण क्लोव्हरमध्ये पाणी जास्त असते. म्हणून कोरडे वजनच धरायचे.

लाकडाची ५० × ५० सेंटिमीटरची चौकट करा. कापणीच्या आदल्या दिवशी शेतात तिरपे चालत किमान पाच ठिकाणी ती टाका. चांगली जागा निवडू नका, चौकट पडेल तिथेच कापा. कापलेल्यातून क्लोव्हर आणि गवत वेगळे करा, तण बाजूला ठेवा. दोन्ही ढीग पातळ पसरून पूर्ण सुकवा. लागोपाठ दोनदा वजन सारखे आले की सुकले. समजा गवत ६२० ग्रॅम आणि क्लोव्हर २८० ग्रॅम भरला, तर वाटा ३१ टक्के.

हे एकदा करून भागत नाही. क्लोव्हरला वाढायला गवतापेक्षा जास्त ऊब लागते. रायगवत जमीन ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतानाच वाढू लागते. पांढरा क्लोव्हर ८ ते १० अंशांपर्यंत सुस्त राहतो. म्हणून थंडी सरताना वाटा कमी आणि उबदार महिन्यांत जास्त दिसणार. वर्षाची सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास असेल तर थंडीअखेरीस २० आणि उन्हाळी महिन्यांत ४०-४५ असे आकडे येऊ शकतात. थंडीअखेरचा आकडा पाहून घाबरू नका. शक्यतो उबदार हंगामाच्या मध्यावर मोजा आणि पुढच्या वर्षाचा निर्णय त्यावर घ्या.

## ७. आता नत्राचा निर्णय

मी वापरतो तो ठोकताळा असा; टक्के म्हणजे कोरड्या वजनातला क्लोव्हरचा वाटा. सगळी मात्रा हेक्टरी किलो नत्राची आहे, खताची नाही.

४० टक्क्यांहून जास्त: नत्र शून्य. इथे गवत वाढवायची गरज वाटली तरी ते काम क्लोव्हरच करील. जनावरांची पोटफुगी सांभाळा.

३० ते ४० टक्के: शून्यच. हंगामाच्या सुरुवातीला चाऱ्याची खरोखर ओढाताण असेल तर एकदाच २५ ते ३० किलो.

२० ते ३० टक्के: थंडी ओसरू लागताना, गवत जागे झाले आहे पण क्लोव्हर अजून सुस्त आहे त्या वेळी, ३० ते ४० किलो एकदाच. नत्राचा सगळ्यात शहाणा वापर हाच आहे. अट एकच: त्यातून उठलेले गवत वेळेवर कापले किंवा चारले पाहिजे. चार दिवस उशीर झाला तर फायदा सावलीत जातो. उबदार महिन्यांत नत्र नाही.

१० ते २० टक्के: इथे निर्णय अवघड असतो. माझे मत स्पष्ट आहे: एक हंगाम नत्र थांबवा आणि सामू, पालाश, कापणीची उंची तपासा. चारा तुटतो म्हणून थांबणे शक्य नसेल तर अर्ध्या शेताला नत्र द्या आणि अर्धे क्लोव्हरसाठी राखा. सगळीकडे थोडे-थोडे टाकल्याने धड चाराही वाढत नाही आणि क्लोव्हरही जातो.

१० टक्क्यांहून कमी: हे आता गवताचे शेत आहे. गवतासारखे प्रत्येक कापणीनंतर ४० ते ५० किलो द्या, किंवा शेवटच्या टप्प्याप्रमाणे क्लोव्हर पुन्हा पेरा.

मन शंकेत असेल तर पट्टा करून पाहा. कापणीनंतर शेताच्या मधोमध दोन मीटर रुंद पट्ट्यालाच नत्र द्या, बाकी शेत तसेच ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पट्टा लांबून उठून दिसला नाही तर उरलेल्या शेताला नत्राची गरज नव्हती.

युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणून ३० किलो नत्रासाठी ६५ किलो युरिया, म्हणजे एकरी सुमारे २६ किलो. दुसरे खत असेल तर पिशवीवरची टक्केवारी पाहून हाच हिशेब करा. पातळ शेण किंवा कोंबडीखत टाकले असेल तर तेही नत्रच आहे. ते मात्रेतून वजा करायला लोक हमखास विसरतात.

युरिया ओल्या पानांवर टाकू नका, पाने करपतात. दव सुकल्यावर टाका आणि एका दिवसाच्या आत पाणी द्या. उन्हात, वाऱ्यात वर पडून राहिलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो, नुकत्याच चुना टाकलेल्या जमिनीत तर अधिकच. साचलेल्या पाण्यात किंवा गोठलेल्या जमिनीवर नत्र टाकणे म्हणजे ते ओढ्यात सोडणे.

## ८. कापणी, चराई आणि भरपाई

पांढरा क्लोव्हर असेल तर ४ ते ५ सेंटिमीटर राखून जनावरे चारा. लाल क्लोव्हर ७ सेंटिमीटरच्या वर कापा, कारण त्याची फूट बुडख्यातून येते. थंडीत शेत उंच गवतासकट सोडू नका. आधी एकदा खाली घ्या, म्हणजे सरपटत्या खोडांपर्यंत उजेड पोहोचेल.

चारा कापून शेताबाहेर नेला की एक टन कोरड्या चाऱ्यामागे साधारण २५ ते ३० किलो पालाश आणि ६ ते ८ किलो स्फुरद जातो. नत्राची चर्चा सगळे करतात, पालाश विसरतात. क्लोव्हरच्या पानांच्या कडेला बारीक पांढरट-पिवळे ठिपके दिसू लागले तर पालाशची कमतरता असण्याची शक्यता मोठी. माती तपासून भरा, एकदम न टाकता वर्षात विभागून.

मुरघास करायचा असेल तर कापलेला चारा सुकवून कोरडा अंश ३० ते ३५ टक्क्यांवर आणा. क्लोव्हरमध्ये साखर कमी असते, ओला भरला तर खराब आंबतो.

## ९. जनावरे सोडण्यापूर्वी

क्लोव्हरने भरलेल्या, कोवळ्या, दव पडलेल्या शेतात भुकेली जनावरे सोडू नका. आधी वाळलेला चारा पोटभर द्या, पहिले काही दिवस थोडाच वेळ चारा आणि लक्ष ठेवा. डावी कूस फुगली तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा.

नत्र दिल्यानंतर किमान तीन आठवडे तो चारा देऊ नका. ढगाळ हवा किंवा ताणानंतर आलेला पाऊस असेल तर आणखी थांबा, कारण अशा वेळी गवतात नायट्रेट साठते. श्वास जड होणे, अडखळणे, रक्ताचा चॉकलेटी रंग ही विषबाधेची लक्षणे आहेत.

लाल क्लोव्हरमधल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकांमुळे मेंढ्यांची गर्भधारणा घटते. माजाच्या आणि फळवण्याच्या काळात त्यांना त्या शेतातून बाहेर ठेवा.

## १०. क्लोव्हर परत आणायचा असेल तर

सामू आणि पालाश आधी नीट करा, नाहीतर नवे बीही त्याच वाटेने जाईल. मग गवत अगदी खाली, ३ ते ४ सेंटिमीटरपर्यंत चारून किंवा कापून घ्या, दाताळ्याने वाळलेला थर ओढून माती उघडी करा. जिवाणू लावलेले पांढऱ्या क्लोव्हरचे हेक्टरी ३ ते ४ किलो बी वाळूत मिसळून फोका आणि रूळ फिरवा किंवा जनावरे थोडा वेळ फिरवून बी दाबून घ्या. जमीन ओलसर आणि उबदार असतानाच हे करा.

त्यानंतर नत्र पूर्ण बंद. गवत वाढून रोपांवर सावली धरू लागले की दर थोड्या दिवसांनी हलके चारा, पण रोपांना तीन पाने येईपर्यंत जनावरे जास्त वेळ थांबू देऊ नका. आठ आठवड्यांनी रोपे खणून गाठी पाहा, आणि पुढच्या उबदार हंगामाच्या मध्यावर चौकट टाकून वाटा पुन्हा मोजा. तो आकडा हातात येईपर्यंत युरियाची पिशवी उघडू नका.